दुधाच्या वाडग्यातलं वादळ

एनेरेल आता कुठलीच गोष्ट नक्की म्हणून सांगत नसे, आणि ते काही केल्या दुलमाच्या डोक्यातून जात नव्हतं.

"जेवलीस का गं?" असं फोनवर विचारलं तर उत्तर यायचं, "जेवले असेन बहुतेक." थंडी आहे का विचारावं तर "असावी." नवा कोट अंगाला नीट बसला का, तर "तसं म्हणता येईल." दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर दुलमा पोट धरून हसली असती. पण ही तिची एनेरेल होती. सहा वर्षांची असताना शेजारणीला जाऊन बजावायची, "काकू, कपडे काढा, वारा फिरणार आहे." आणि वारा फिरला नाही तर कुंपणावर चढून वाऱ्यालाच रागवायची. तिच्या बोलण्यात 'बहुतेक' हा शब्दच नव्हता. आता दुसरं काही उरलं नव्हतं.

तिचा बाप ट्रक चालवायचा. गोबीच्या वाळवंटात रस्ते म्हणजे नुसते चाकांचे माग; त्यांवरून तो खाणीचं सामान न्यायचा आणि सुट्टीत पोरीला शेजारी बसवायचा. दूरवर उठलेली धूळ कशी ओळखायची ते त्यानंच तिला शिकवलं. लांब शेपूट ओढत येते ती गाडी. एका पायावर नाचते ती वावटळ. आणि सगळं क्षितिजच तपकिरी होऊन उठलं, तर ट्रकचं तोंड वाऱ्याकडून फिरवायचं, काचा लावायच्या आणि गप्प बसून राहायचं. घरी आल्यावर ती हे सगळं आईला पुन्हा शिकवायची. आई गावातल्या शाळेत भूगोल शिकवते, याचं तिला काही वाटायचं नाही. "तुझ्या पुस्तकात वावटळीला पाय नाहीत," म्हणायची.

बाप गेला तेव्हा ती शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. ती फार रडली नाही. शिकायला राजधानीला, उलानबातरला गेली, आणि शिकून झाल्यावर तिथल्याच एका हवामान कार्यालयात उपग्रहाच्या चित्रांसमोर बसू लागली. पहिल्या वर्षी तिचा उत्साह ओसंडून वाहत होता. आईच्या फोनवर रोज एक चित्र यायचं. "हे बघ आई, हे आपलं गाव!" दुलमाला नुसता भुरकट कागद दिसायचा, पण ती म्हणायची, "हो गं, आपलं घरसुद्धा दिसतंय." मग पोरगी खवळायची, "आई, घर दिसत नाही त्यात! खोटं बोलू नकोस."

धुळीच्या प्रत्येक लोटाला ती नाव द्यायची, तेही नात्यातलं. बारीक असेल तर 'धाकटी वहिनी'. मध्येच विरून गेला तर 'काका', कारण तिचा काका कुठलंच काम पुरं करत नसे. आणि अख्खं क्षितिज घेऊन निघाला तर 'मोठी मावशी'. खरी मोठी मावशी सणाला आली की घरात बसायला जागा उरत नसे. "आज मोठी मावशी निघालीय, आई. रात्री बीजिंगला पोचेल, उद्या सोलला. मावसदादाला सांग, खिडक्या लावून घे, आपलं गाव तुला भेटायला येतंय." दुलमाचा हा भाचा कोरियात कारखान्यात कामाला होता. तोही तिकडून कळवायचा, "मावशी, आलं तुमचं गाव. गाडी पुसून पुसून हात दुखले."

"धूर आणि धूळ वेगळी कशी ओळखतेस गं?" दुलमानं एकदा विचारलं होतं.

"सोपं आहे. दिवसा धूर निळसर दिसतो, धूळ मातकट. शिवाय दुसरं एक चित्र असतं, उष्णतेचं. त्यात धूळ गुलाबी दिसते आणि धूर दिसतच नाही. गुलाबी दिसलं की आपलं, नाही दिसलं की कुठल्या तरी आगीचं."

"आणि वर ढग असले तर?"

"ढग असले तर मीही तुझ्यासारखीच. खालचं काही दिसत नाही."

त्यावर दोघी हसल्या होत्या. मागच्या वसंतात नेमकं तेच झालं.

पूर्वेकडे गवताला आग लागली होती आणि कित्येक दिवस धूर गावावर येऊन बसला होता. त्या दिवशी पश्चिमेकडून ढगांचा जाड पट्टा सरकत आला. त्याच्या कडेखाली राखाडी-तपकिरी काहीतरी दिसत होतं. एनेरेलनं नोंद केली : धूर. धूर आला म्हणून तिकडे कुणी जनावरं आत घेत नाही. चोइजिल हा तिच्या बापाचा मित्र, गावाच्या पूर्वेला त्याची वस्ती. त्यानं त्याच दिवशी शेळ्या विंचरायला काढल्या होत्या. त्यांची मऊ लोकर कंगव्यानं उतरवली की पुढचे काही दिवस त्या जवळजवळ उघड्याच असतात. ढगाखालून धूळ आली, धुळीच्या पाठोपाठ बर्फ आला. चोइजिलचा जवळजवळ अर्धा कळप कुंपणाच्या कडेला थिजून मेला.

एनेरेलला कुणी बोललं नाही. वरिष्ठही म्हणाले, "ढगाखालचं कुणाला दिसतं?" पण मेलेल्या शेळ्यांच्या ढिगाचा फोटो कुणीतरी गावाच्या गटात टाकला आणि तिनं तो पाहिला. त्यानंतर धुळीच्या लोटांची नावं थांबली. चित्रं यायची थांबली. त्सागान सारला, नव्या वर्षाच्या सणाला, सगळं गाव घरोघर जात असताना तिनं आपणहून कामाची पाळी मागून घेतली. "रजा मिळाली नाही बहुतेक," म्हणाली. दुलमा शाळेत इतकी वर्षं मुलांच्या सबबी ऐकत आली होती. तिला ही न कळायला काय झालं?

आणि अलीकडे तर पोरगी म्हणत होती की ती हे काम सोडणार. बहुतेक. एका बँकेत जागा निघालीय. तिथे नुसते आकडे असतात, ते ढगाखाली जात नाहीत.

दुलमा रोज सकाळी पहिल्या दुधाची वाडगी घेऊन दारात यायची, लाकडी पळीनं दूध नैवेद्य म्हणून आभाळाकडे उडवायची आणि शेवटची पळी उत्तरेला, उलानबातरच्या दिशेनं. 'पोरीला पुन्हा ठाम बोलता येऊ दे,' एवढंच मागायची. असलं मागणं देवाकडे याआधी कुणी मागितलं असेल का, याचीही तिला शंका यायची.

यंदाच्या वसंतात पूर्वेला पुन्हा गवत पेटलं. तीन दिवस गावावर धूर होता, कपड्यांना, केसांना, चहालाही त्याचा वास. त्या सकाळी दूध उडवून झालं आणि इतक्यात शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली, "बाई, आमचं वासरू तुमच्याकडे शिरलंय!" दुलमा वाडगी दाराजवळच्या दगडावर ठेवून वासरामागे पळाली. वासरू काही केल्या ऐकेना. ते बाहेर काढेपर्यंत वाडगीचा तिला पुरता विसर पडला.

दुपारी फोन वाजला. एनेरेल स्वतःहून कधी दुपारी फोन करत नसे.

"आई, बाहेर जा आणि वास घे."

"काय झालं? बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. असेन. आई, तू जा ना. तिकडचा हवामानाचा निरीक्षक कुठे गेलाय? फोन लागत नाही त्याचा."

"तो गेला भाचीच्या जावळाला. सगळं कुटुंब गेलंय, दोन दिवस पिऊन येतील."

"बघ! त्याचं यंत्र नुसतं सांगतंय की लांबचं दिसेनासं झालंय. कशामुळे ते सांगत नाही. वर ढगांचा पट्टा आलाय, आई, मागच्या वर्षीसारखाच. त्याच्या कडेला मातकट दिसतंय. असं वाटतंय. आता वास घे आणि सांग."

दुलमा अंगणात आली. पश्चिमेला आभाळ खाली आलं होतं, उजेड पिवळट पडला होता. तिनं नाक वर करून श्वास घेतला. धूर. पुन्हा घेतला. धूरच. तीन दिवस धूर हुंगून हुंगून नाक बधिर झालं होतं, त्याला आता दुसरं काही कळायचंच नाही.

"धुराचा वास येतोय गं."

एनेरेल म्हणाली, "मग धूरच असेल बहुतेक." त्या आवाजात नुसता थकवा होता. "ठेवते आई. मला काहीतरी लिहावं लागेल."

"थांब जरा," दुलमा म्हणाली. सांगायला काहीच नव्हतं. पोरीनं फोन ठेवू नये, एवढंच तिला वाटत होतं. काहीतरी हाताशी हवं म्हणून ती दगडाकडे वळली आणि तिला वाडगी दिसली. दुधावर काळी साय धरली होती, काजळीची.

दूध जमिनीवर फेकत नाहीत. पांढरं अन्न पायाखाली आलं तर घराला लागतं, हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. दुसरं कुणी असतं तरी तिनं केलं तेच केलं असतं : फोन खांद्यानं कानाशी दाबला, वाडगी दोन्ही हातांनी उचलली, कुत्र्याच्या थाळीपाशी बसली आणि हळूहळू, धार न तुटू देता, ओतू लागली. काळी साय आधी गेली. मागोमाग पांढरं दूध. आणि शेवटी वाडगीच्या तळाशी गाळाचा पातळ थर राहिला, तांबूस पिवळा.

"एनेरेल!"

"काय?"

"फोन ठेवू नकोस. सकाळचं दूध बाहेर राहिलं होतं. वर काजळी आहे."

"मग धूरच ना."

"ऐक तर! वर काजळी आहे आणि खाली माती बसलीय. काजळी तरंगते गं, माती बुडते." तिनं बोट फिरवून जिभेवर ठेवलं. "दाताखाली कचकचतंय."

"आई, अंगणातली माती उडाली असेल. वासरू, कुत्रा..."

"अंगणातली माती राखाडी आहे. ही तांबूस पिवळी आहे. वाळलेल्या तळ्याकडची."

"पश्चिमेकडची?"

"पश्चिमेकडची."

"नक्की?"

दुलमाचा स्वभाव असा की चूल विझवली का हे ती घरातून निघताना दोनदा बघायची. मुलांच्या पेपरांचे गुण तीनदा जोडायची. आता तिच्या एका शब्दावर पोरगी काहीतरी लिहिणार होती, आणि ते खोटं ठरलं तर सगळं गाव हसणार होतं. तिनं पुन्हा एकदा दातावर दात घासले. कचकच.

"नक्की," ती म्हणाली.

"म्हणजे दोन्ही आहेत," एनेरेल सावकाश म्हणाली. आईला उद्देशून नव्हे, समोरच्या चित्राला उद्देशून म्हणावं तशी. "वर धूर, खाली धूळ. आई, मागच्या वर्षीही दोन्ही होती. मी धूर पाहिला होता, तो होताच. त्याच्याखाली आणखी काही असेल असं मला वाटलंच नाही." मग पलीकडून कळा बडवल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, ती कुणाला तरी मोठ्यानं म्हणाली, "नाही, वाट बघायची नाही! मी सांगतेय ना!" दुलमाचे डोळे भरून आले. कुंपणावर चढलेली ती सहा वर्षांची पोरगी पुन्हा ओरडत होती.

"आई, ऐकतेस? आत जा. दार लाव, खिडक्यांना ओले टॉवेल लाव, धुरांड्याचं झाकण ओढ. वासरू आत घ्यायला सांग त्या बाईंना. मोठी मावशी येतेय."

फोन बंद झाला. दुलमा वाडगी छातीशी धरून शेजारणीच्या नावानं ओरडत सुटली.

वादळ आलं ते उजेड पिऊनच. भर दुपारी दिवा लावावा लागला. भिंतींवर वाळू आपटत होती, ओल्या टॉवेलांचा चिखल झाला, टॉवरची वीज गेली आणि फोन मुका झाला. मागाहून थंडी आली आणि खिडकीच्या फटीतून बारीक बर्फ. दुलमा चुलीपाशी बसून होती. घाबरायचं तिला पुरेसं कारण होतं, आणि घाबरण्यात तिचा हात कुणी धरू शकलं नसतं. पण राहून राहून तिला एकच वाक्य आठवत होतं : 'मी सांगतेय ना!' आणि चुलीसमोर बसल्या बसल्या ती एकटीच हसत होती.

सकाळी वारा पडला होता. दारासमोर वाळूचा ढीग, वर बर्फाची पातळ साय. ती फावडं घेऊन दार मोकळं करत होती, तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. चोइजिल. तोंडाला मफलर, भुवयांत वाळू.

दुलमाचे हात थांबले. पूर्वेला धूळ पोचेपर्यंत वेळ मिळाला असेल का, निरोप पोचला असेल का, हे विचारायचं तिला धाडस होईना. मागच्या वर्षीही तो असाच मोटरसायकलवर आला होता.

"बाई," मफलर खाली ओढत तो म्हणाला, "तुमच्याकडे चहा आहे, की तोही मोठ्या मावशीनं नेला?"

"मोठी मावशी? हे नाव तुम्हाला कुठून कळलं?"

"तुमच्या पोरीचं पत्रक! 'धुराखाली धूळ आहे, विंचरलेल्या शेळ्या ताबडतोब आत घ्या.' वस्तीप्रमुखानं सगळ्यांना फोन केले, आणि प्रत्येकाला सांगत होता की एनेरेल म्हणतेय, मोठी मावशी येतेय. तिला म्हणे त्यानं स्वतः फोन करून विचारलं की हे खरंच आहे का, तर ती त्याच्यावर ओरडली. खूश झाला माणूस. म्हणाला, एवढी ओरडतेय म्हणजे खरंच असणार."

"आणि शेळ्या?"

"शेळ्या आत. अर्ध्या कळपाची लोकर उतरवून झाली होती, बाई. माझा फोन मोज्यात घालून काठीला टांगलेला असतो, तिथेच काय तो सिग्नल येतो. बायकोनं ऐकलं आणि अशी किंचाळली की मला वाटलं, लांडगाच आला. बायको, सून, मी, सगळ्यांनी मिळून ढकलल्या. ज्या मावल्या नाहीत त्या गेरमध्येच, आमच्या राहत्या तंबूत घेतल्या. रात्रभर माझ्या अंथरुणावर शेळी झोपली होती. माझ्यापेक्षा घोरते." त्यानं मफलर झटकला. "एक पिल्लू गेलं. तेवढंच. ते तसंही अशक्त होतं."

दुलमा फावड्यावर टेकली. तिचा जीव भांड्यात पडला आणि ती दगडावर बसली.

"बसताय काय? चहा!"

चहा झाला. खारट, दुधाळ, वर लोण्याचा तवंग. चोइजिलनं पहिला वाडगा एका दमात संपवला आणि दुसऱ्याच्या वाफेत तोंड घालून म्हणाला, "बाई, एक विचारू? रागावू नका. तुम्ही माझ्यावर का चिडलात?"

"मी? तुमच्यावर?"

"वर्षभर तुम्ही मला रस्त्यात पाहिलं की पलीकडच्या बाजूला जाता. पोरगी सणाला आली नाही. आणि मी आलो तर तुम्ही तोंडातून एक शब्द न काढता माझ्यापुढे मटण भरून उकडलेली इतकी बूझ ठेवलीत की मला वाटलं, खाऊ घालून मारायचा बेत आहे."

"दादा, तुमच्या शेळ्या..."

"माझ्या शेळ्या वादळानं मारल्या! त्या दिवशी धूर आहे हे मलाही वाटत होतं. मी बाहेर उभा होतो, माझं नाक होतं, डोळे होते. तरी विंचरत बसलो, कारण व्यापारी दारात आला होता. ती पोरगी तिकडे आभाळाच्याही वर बसून बघते, तिला काय दिसणार? माझ्या मित्राची पोर ती. मी तिला कधी काही बोललो?"

"नाही बोललात."

"मग? तुम्ही दोघींनीच ठरवलं की मी रागावलोय, आणि दोघींनीच मला वाळीत टाकलं. शिकलेल्या बायका!" त्यानं मान हलवली, पण तो हसत होता. "आता तिला एक विचारायचंय. उरलेल्या शेळ्या कधी विंचरू? आठवडाभर थांबू की उद्याच? ती सांगेल त्या दिवशी. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही."

दुलमानं त्याचा वाडगा पुन्हा भरला. तेवढ्यात कपाटावरचा फोन एकदम जिवंत झाला, टुणटुण वाजू लागला. टॉवर सुरू झाला होता. रात्रभरात एनेरेलचे पाच-सहा निरोप येऊन साठले होते. आधीचे सगळे एकाच अर्थाचे : आई, आत आहेस ना. आई, फोन का लागत नाही. शेवटचा पहाटेचा होता.

"मोठी मावशी सरहद्दीपार गेली. तुझ्यावरचं आभाळ आता निळं आहे."

असेल नाही. असावं नाही. आहे.

दुलमा उठून दारात गेली आणि वर पाहिलं. चोइजिलही मागून आला आणि मान वर करून उभा राहिला. धुराचा मागमूस नव्हता. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, थेट त्या पवित्र डोंगराच्या माथ्यापर्यंत, ज्याचं नाव त्याच्यासमोर घ्यायचं नसतं.

"काय म्हणतेय?" त्यानं विचारलं.

"म्हणतेय, आभाळ निळं आहे."

"ते मलाही दिसतंय."

"तिला तिथून दिसतंय, दादा."

पोरगी रात्रभर जागली असणार. आता कुठे घरी जाऊन पडली असेल. पाळी संपवून झोपलेल्या मुलीला उठवायचं नाही, हा दुलमाचा नियम होता. नेहमी ती एनेरेलच्या फोनची वाट बघत बसायची आणि बसल्या बसल्या काळजी करायची. आज तिला वाट बघवेना. शेळ्या आत आहेत, हे त्या पोरीला अजून ठाऊक नव्हतं. एका शेळीनं चोइजिलच्या अंथरुणावर रात्र काढली, हेही नव्हतं. आणि चोइजिल तिला तारीख विचारायला दारात उभा आहे, हे तर स्वप्नातही नसेल.

"झोपली असेल," ती फोन हातात घेत म्हणाली.

"मग उठेल," चोइजिल म्हणाला. "आणि आधी तुम्ही रडून घ्या, मग माझ्याकडे द्या. दोघी एकदम रडलात तर माझ्या शेळ्यांचं राहून जाईल."

दुलमानं वाऱ्यापासून दिवा जपावा तसा फोन दोन्ही हातांत धरला, उत्तरेकडे तोंड केलं आणि मुलीचा नंबर लावला.